पाणबुडीचा दम

बदलापूरच्या बेलवलीतल्या माणसाला समुद्र बघायचा तर लोकल धरून मुंबई गाठावी लागते. इथलं पाणी उल्हास नदीचं, आणि पावसाळ्यात ते नको इतकं जवळ येतं. पण शेजारच्या अंबरनाथला, शीळ-बदलापूर रस्त्यावरच्या आनंदनगर परिसरात, एक सरकारी प्रयोगशाळा आहे जिचं सगळं लक्ष खाऱ्या पाण्याकडे असतं. नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे एनएमआरएल. 1953 साली मुंबईच्या नौदल गोदीत रसायनं आणि धातू तपासण्यासाठी ती सुरू झाली; पुढे डीआरडीओकडे गेली आणि अंबरनाथला आली. गंज, रंग, रबर हा तिचा जुना व्याप. मात्र गेल्या काही वर्षांत तिचं नाव झालं ते पाणबुडीसाठी केलेल्या एका यंत्रामुळे.

पाणबुड्यांचे प्रकार लांबी-रुंदीवरून आणि शस्त्रांवरून सांगायची पद्धत आहे. मला विचाराल तर खरा भेद एकच: वर न येता पाण्याखाली किती दम धरता येतो?

अणुऊर्जेवरची पाणबुडी या परीक्षेत सहज पास होते. अणुभट्टीला हवा लागत नाही. शिधा आणि माणसांची सहनशक्ती टिकेल तितके दिवस ती खाली राहते. आपल्या ‘अरिहंत’ आणि 29 ऑगस्ट 2024 रोजी दाखल झालेल्या ‘अरिघात’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या. समुद्रात दडून राहायचं आणि आपल्यावर अणुहल्ला झालाच तर उलट वार करायचा, एवढंच त्यांचं काम. ते करायची वेळ कधी येऊ नये, यातच त्यांचं यश. याच ऊर्जेवरच्या दुसऱ्या जातीच्या पाणबुड्या शत्रूच्या जहाजांचा आणि पाणबुड्यांचा माग काढतात. दोन्ही जाती अवाढव्य आणि महागड्या.

रोजची पहारेदारी मात्र डिझेल-विजेवरच्या पाणबुड्यांकडे असते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वावरायला त्या लहान चणीच्याच बऱ्या. शत्रूच्या बंदराबाहेर दबा धरणं, हालचाली टिपणं, सुरुंग पेरणं, कमांडो उतरवणं आणि वेळ आली तर टॉर्पेडो सोडणं ही त्यांची कामं. अशी एक पाणबुडी काय करू शकते याचा घाव आपण सोसला आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

आपल्याकडच्या या जातीतल्या सगळ्यांत नव्या सहा पाणबुड्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावर बांधल्या गेल्या. पहिली ‘कलवरी’ 14 डिसेंबर 2017 ला नौदलात आली, सहावी ‘वागशीर’ 15 जानेवारी 2025 ला. मधल्या चार खांदेरी, करंज, वेला आणि वागीर. (‘खांदेरी’ हे नाव अलिबागजवळच्या थळसमोरच्या बेटाचं. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांची झोप उडाली.)

‘कलवरी’ 67.5 मीटर लांब आहे. तिच्या पोटात बॅटरीचे 360 सेल आहेत, एकेक 750 किलोचा. म्हणजे नुसत्या बॅटरीचं वजन 270 टन. एवढं ओझं वागवूनही वेगाने पळायचं म्हटलं तर बॅटरी बघता बघता उतरते, आणि हळूहळू सरकत राहिलं तर काही दिवस पुरते. मग पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी पाण्याबाहेर काढायची, डिझेल इंजिनं सुरू करायची आणि बॅटरी चार्ज करायची. त्या वेळी इंजिनांचा आवाज पाण्यात पसरतो, नळी रडारवर दिसू शकते. पाणबुडी सापडायचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो याच वेळी.

यावर तोडगा म्हणजे एआयपी, बाहेरच्या हवेवाचून वीज करणारं यंत्र. स्वीडनने त्यासाठी स्टर्लिंग इंजिन वापरलं. फ्रान्सने वाफेवर चालणारी ‘मेस्मा’ काढली आणि ती पाकिस्तानच्या अगोस्टा पाणबुड्यांत बसली. जर्मनीने इंधनघट घेतले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग घडवून त्यातून थेट वीज घ्यायची, मागे उरतं पाणी. फिरणारा मोठा भागच नसल्यामुळे आवाज फार कमी.

अंबरनाथनेही इंधनघटच निवडले, फॉस्फरिक आम्लावर चालणारे. ऑक्सिजन द्रवरूपात, उणे 183 अंशांच्या आसपास थंड ठेवून नेता येतो. अडचण हायड्रोजनची. पाणबुडीवाल्यांचं त्याच्याशी जुनं वैर आहे: शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना तो सुटतो, आणि साचला तर स्फोट. असा वायू टनावारी भरून न्यायचा तरी कसा? जर्मनांनी तो धातूंच्या मिश्रणात मुरवून ठेवला; त्या टाक्या भयंकर जड होतात. एनएमआरएलने ठरवलं की तो साठवायचाच नाही, लागेल तसा पाणबुडीतच तयार करायचा. सोडियम बोरोहायड्राइड नावाची पांढरी भुकटी असते. उत्प्रेरकाच्या साथीने तिची पाण्याशी अभिक्रिया झाली की हायड्रोजन बाहेर पडतो. एक किलो भुकटीतून सुमारे 210 ग्रॅम, म्हणजे साध्या दाबाला जवळपास अडीच हजार लिटर वायू. गंमत अशी की त्यातला निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच आलेला असतो. मला या सगळ्या कामातला हा निर्णय सर्वांत अकलेचा वाटतो.

एआयपी आली म्हणून पाणबुडी वेगवान होत नाही. पाठलागाला आणि पळ काढायला बॅटरीच लागते. मंद गतीने दबा धरून राहायचे दिवस मात्र दोन-तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतात, आणि पाणबुडीचं बरंचसं आयुष्य दबा धरण्यातच जातं.

8 मार्च 2021 रोजी या यंत्राचा जमिनीवरचा नमुना चाचणीत उतरला. जास्त दिवस चालवणं आणि जास्तीत जास्त वीज घेणं, दोन्ही तऱ्हांनी तो चालवून पाहिला. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स या कंपन्या कामात भागीदार होत्या. दोनच दिवसांनी, 10 मार्चला, ‘करंज’ नौदलात दाखल झाली, एआयपीशिवाय. पुढच्या तिन्हीही तशाच आल्या.

त्यामुळे आता बांधून झालेल्या पाणबुडीचं पोट कापायचं, एआयपीचा नवा भाग मध्ये बसवायचा आणि सांधा पुन्हा खोल समुद्राचा दाब सोसेल असा जोडायचा, हे जिकिरीचं काम आहे. 30 डिसेंबर 2024 रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीशी त्यासाठी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला. यंत्र अस्सल आहे, पण त्याला उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत या करारात दिसते. अंबरनाथच्या प्रयोगशाळेचं कौतुक जरूर करावं; पूर्ण गुण मात्र ते यंत्र घेऊन या सहांपैकी पहिली पाणबुडी पाण्याखाली आठवडे काढून येईल तेव्हाच द्यावेत.