सुशी म्हणजे आंबट

ताटली समोर आली आणि सवयीनं मी आधी वास घेतला. माशाचा वास येणार अशी मनाची तयारी करून गेले होते. आला तो आंबूस, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं सहा टेबलांचं हॉटेल. मेनूकार्डावर हाका नूडल्स, मोमो, थाई करी आणि अगदी शेवटच्या पानावर सुशी. काकडीचा रोल, आठ तुकडे, किंमत साधारण तीन मिसळींएवढी. शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं एकाच ताटलीवर तुटून पडली होती.

माझा चेहरा बघून भाची म्हणाली, “मावशी, घाबरू नकोस गं. दहीभात समज आणि खा.”

ती चेष्टा करत होती. पण घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की पोरीचा नेम चुकून का होईना, बरोबर बसला होता.

‘सुशी’ या शब्दाचा माशाशी काही संबंध नाही. जुन्या जपानीत ‘आंबट’ या अर्थाचं एक विशेषण होतं, त्यातून हा शब्द आला असं मानतात. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना तिकडे साशिमी म्हणतात. त्यात भात नाही, म्हणून ती सुशी होत नाही. उलट आंबट केलेल्या भातावर किंवा भातात काहीही घाला, काकडी घाला, अंडं घाला, ती सुशीच.

मग हा भात आंबट का? याचं उत्तर शोधत मागं जावं तर जपान सुटतं आणि आपण आग्नेय आशियातल्या मेकाँगच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मुलखात पोहोचतो. पावसाळ्यात मासे उदंड, पुढे उन्हाळाभर टंचाई. तिथल्या लोकांनी मासे मिठात मुरवून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायची युक्ती काढली. भातात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. आपल्या दह्याच्या विरजणातले जीवाणू याच गोतावळ्यातले. त्या आम्लात सडवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही आणि मासा महिनोन्‌महिने टिकतो. खाताना मासा काढून घ्यायचा आणि लगदा झालेला भात खरवडून टाकून द्यायचा! म्हणजे मूळ सुशीत भात हे अन्न नव्हतंच, ती माशाची बरणी होती. जपानच्या बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ नावाचा पदार्थ अजून याच पद्धतीनं करतात. तो मुरायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात.

पुढची गोष्ट माणसाच्या उतावीळपणाची. लोक बरणी लवकर उघडू लागले. अर्धवट आंबलेला भात चवीला छान लागतो म्हणून तोही खाऊ लागले. मग सतराव्या शतकाच्या सुमारास कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आंबट चवीसाठी महिने कशाला घालवायचे, भातात शिरका घातला की काम झालं. आणि १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई नावाच्या विक्रेत्यानं मुठीत दाबलेल्या शिरकाभातावर माशाचा तुकडा ठेवून तो हातोहात द्यायला सुरुवात केली. या निगिरी सुशीचं श्रेय सहसा त्यालाच देतात. एदो तेव्हा दहा लाखांच्या आसपास वस्तीचं अवाढव्य शहर होतं. सुतार, हमाल, कारागीर, गावाकडून एकटे आलेले पुरुष. त्यांना बसून जेवायला वेळ नव्हता. रस्त्याकडेच्या गाडीपाशी उभं राहायचं, दोन-चार तुकडे हातानंच तोंडात टाकायचे आणि कामाला पळायचं. तो तुकडाही आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा असे. दादर स्टेशनाबाहेर १९६६च्या सुमारास वडापाव ज्या गरजेतून जन्मला, तीच ही गरज. पांढऱ्या टेबलक्लॉथवरची महागडी सुशी पुढे आली. जन्म गाडीवरचा.

शिरक्याचीही एक गंमत आहे. योहेईच्या काळात एदोतल्या गाडीवाल्यांना तांदळाचा शिरका परवडत नसे. नागोयाजवळच्या हांदा गावातल्या नाकानो माताझाएमोन या मद्य करणाऱ्यानं १८०४मध्ये साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून शिरका करायला घेतला. तो स्वस्त होता, रंगानं तांबूस होता आणि चवीला गोडसर होता. एदोच्या सुशीवाल्यांनी तो उचलला. मिझकान ही आजची मोठी शिरका कंपनी त्याच घराण्याची.

नाशिककराला हे ऐकून आपली द्राक्षं आठवणारच. तांदळापासून शिरका करायचा तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी कोजी नावाची बुरशी तांदळातल्या पिष्टाची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करतं, मग तिसरे जीवाणू त्याचं आम्ल करतात. द्राक्षात साखर आयतीच असते, त्यामुळे पहिली पायरी गाळता येते. दिंडोरी-पिंपळगाव भागात वाइन होते ती दुसऱ्या पायरीवर, आणि बाटली उघडी राहून आंबली तर तिसरीही आपोआप चढली जाते.

आता भाताकडे येऊ. माझ्या ताटलीतली शितं एकमेकांना धरून होती, तरी प्रत्येक शीत वेगळं दिसत होतं. तांदळाच्या पिष्टात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज सरळ दोऱ्यासारखा, अमायलोपेक्टिन झाडासारखा फांद्या फुटलेला. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, म्हणून बिर्याणीला बासमती. ते कमी असेल तर भात मऊ, चिकटसर. सुशीचा आखूड दाण्याचा जपानी तांदूळ दुसऱ्या गटातला. तो महाग पडतो, पण आपल्याला लांब जायला नको. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिलेला इंद्रायणी आपल्या इगतपुरी तालुक्यात उदंड पिकतो. घोटीहून आणलेल्या इंद्रायणीवर मी घरी प्रयोग करून पाहिला. जपानी भाताची लकाकी आली नाही, पण रोल सुटला नाही. वर इंद्रायणीचा वास फुकट.

भात शिजला की तो लाकडी परातीत पसरतात, शिरका, साखर आणि मीठ एकत्र करून वरून शिंपडतात आणि पंख्यानं वारा घालत उलथन्यानं हलक्या हातानं कापल्यासारखा मिसळतात. यातली साखर नुसत्या गोडीसाठी नसते. गार होताना पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसू लागतात आणि भात टणक होतो. साखर पाणी धरून ठेवते आणि हा प्रकार लांबवते. फ्रिजच्या थंडीत तो सर्वांत वेगानं होतो, म्हणून सुशीचा भात फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. आपण मात्र नेमका याचाच फायदा घेतो: शिळ्या भाताचा फोडणीचा भात मोकळा होतो तो या टणकपणामुळेच.

फ्रिजबाहेर ठेवलेला भात बाधत नाही का? साधा भात बाधू शकतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा जागे होतात. पण शिरक्यानं भाताचा पीएच ४.६च्या खाली नेला की त्यांची वाढ खुंटते. मेकाँगच्या काठी महिने लावून जे संरक्षण मिळायचं, ते इथे दोन चमचे शिरका देतो.

भाताभोवतीचा तो काळपट हिरवा कागद म्हणजे नोरी, समुद्री शेवाळ. जपानी कोळी समुद्रात बांबू रोवून शेवाळ चिकटायची वाट बघत. कधी भरभरून येई, कधी काहीच नाही, म्हणून त्याला नशिबाचं गवत म्हणत. उन्हाळ्यात ते नाहीसं कुठं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक पार बुडालं आणि कोळी हवालदिल झाले. कोडं सुटलं ते हजारो मैल दूर, इंग्लंडमध्ये. मँचेस्टर विद्यापीठातल्या कॅथलीन ड्रू-बेकर वेल्सच्या किनाऱ्यावरच्या, नोरीच्या सख्ख्या नात्यातल्या शेवाळाचा अभ्यास करत होत्या. लग्न झालं म्हणून त्यांची पगारी नोकरी गेली होती, तरी संशोधन सुटलं नव्हतं. शिंपल्यांत घर करून राहणारे सूक्ष्म गुलाबी धागे तोवर एक वेगळीच वनस्पती म्हणून नोंदलेले होते. ते धागे म्हणजे याच शेवाळाची उन्हाळी अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. एवढा धागा हाती येताच जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर बी धरून नोरीची शेती उभी केली. ड्रू-बेकर १९५७ साली गेल्या. जपान त्यांनी कधी पाहिलंच नाही. पण कुमामोतोजवळच्या उतो इथे १९६३ साली उभारलेल्या त्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी १४ एप्रिलला लोक जमतात आणि त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात.

नोरीची गंमत पोटातही चालू राहते. या शेवाळातली एक शर्करा माणसाला पचत नाही. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं, की ती फोडणारं जनुक काही जपानी लोकांच्या आतड्यातल्या जीवाणूंकडे आहे, तपासलेल्या उत्तर अमेरिकी लोकांकडे मात्र नाही. ते आलं समुद्रातल्या जीवाणूंकडून, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शेवाळाबरोबर. जेवणानं पोटातल्या रहिवाशांना नवी विद्या शिकवली, असंच म्हणायचं.

ताटलीच्या कोपऱ्यातला हिरवा गोळा मी चटणी समजून चमचाभर उचलला. नाकातून जी कळ गेली ती थेट टाळूपर्यंत. भाची हसून लोळायची बाकी होती. हा वासाबी. खरा वासाबी थंड डोंगरी झऱ्यांच्या पाण्यात वाढतो, महाग असतो आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे जगभरच्या स्वस्त ताटल्यांत असतो तो हॉर्सरॅडिश नावाचा मुळा, मोहरी आणि हिरवा रंग. पण फसवणूक झाली असं मला वाटलं नाही, कारण तिखटपणाचं मुख्य द्रव्य दोन्हीकडे एकच आणि आपल्या मोहरीतही तेच. अख्खी मोहरी चावली तर तशी मवाळ असते. ती पाण्यानं फेसली, की पेशी फुटून आतलं एंझाइम बाहेर येतं आणि झणका तयार होतो. फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर करणारी प्रत्येक आजी हे रसायन वापरत आली आहे.

इथे मिसळीची आठवण काढायलाच हवी. तर्रीतल्या मिरचीचं तिखट तेलात विरघळतं, जिभेला चिकटतं आणि पाणी प्यायलं तरी हटत नाही. वासाबीचं द्रव्य हवेत उडतं, म्हणून नाकात चढतं आणि दोन-चार श्वासांत उतरतं. हा वास इतका जबर, की तो फवारून झोपलेल्या कर्णबधिर माणसाला जागं करणारं आगीचं इशारा-यंत्र जपानी संशोधकांनी बनवलं आणि २०११चं ‘इग नोबेल’ मिळवलं.

राहिली काकडी. “व्हेज सुशी म्हणजे आपल्या लोकांची तडजोड,” असं मीच मनात म्हटलं होतं. तेही चूक. काकडीच्या रोलला जपानात ‘कप्पामाकी’ म्हणतात. कप्पा हा नदी-डोहांत राहणारा त्यांच्या लोककथांतला जलवासी, आपल्या साती आसरांची आठवण व्हावी असा, आणि त्याला काकडी फार प्रिय. त्याहून जुना एदोचा आवडता रोल कानप्योचा. कानप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या लांबलचक वाळवलेल्या पट्ट्या, सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. होय, आपलाच दुधी, ज्याचं नाव काढलं की घरातली पोरं ताटावरून उठतात.

मधल्या काळात महागलेली सुशी पुन्हा सामान्यांच्या टेबलावर आणली योशिआकी शिराइशी या ओसाकाकडच्या हॉटेलवाल्यानं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला कल्पना सुचली आणि १९५८ साली त्यानं ताटल्या फिरत्या पट्ट्यावर ठेवल्या. वेग ठरवला सेकंदाला ८ सेंटिमीटर: याहून हळू असेल तर गिऱ्हाईक कंटाळतं, जलद असेल तर उचलायला बिचकतं. वाढपी कमी, भाव कमी. १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर ही हॉटेलं देशभर पसरली.

तेव्हा आपल्या गल्लीतल्या सहा टेबलांच्या हॉटेलात जाताना संकोच करू नका. सुशी तिथेच शोभते. चॉपस्टिक जमत नसतील तर खुशाल हातानं खा, एदोचे सुतारही तसंच खात. वासाबी मोहरीएवढाच घ्या. आणि पहिला तुकडा सॉसमध्ये न बुडवता नुसता चावून बघा. भात कोमट, मऊ आणि आंबटगोड लागला तर आचाऱ्याला त्याचं काम येतं. फ्रिजमधून काढल्यासारखा गार आणि टणक लागला, तर पैसे मिसळीवर खर्च केलेले बरे.