आकाशातील बंडी

कापसाच्या हंगामात दिग्रसच्या जिनिंगपुढे रात्र रात्र ताटकळणाऱ्या बंड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निराळे सांगावयास नको की आपल्या वऱ्हाडात रेंगी आणि दमणी ही बसावयाची, हौसेची वाहने, आणि बंडी ही कामाची. ती कापूस वाहते, शेणखत वाहते, वेळप्रसंगी आजाऱ्याला दवाखान्यात नेते, आणि जत्रेच्या दिवसांत सगळे बिऱ्हाड अंगावर घेऊन पोहरादेवीची वाट धरते. मि-८ आणि मि-१७ या रशियन हेलिकॉप्टरांच्या घराण्याचा जगभरचा विस्तार पाहताना मला राहून राहून या बंडीची आठवण होते. कारण हे यंत्र लष्करी की मुलकी, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि त्यातच त्याच्या साठ वर्षांच्या आयुष्याचे रहस्य आहे.

आपल्या भागाला या यंत्राची ओळख पटली ती २०२३ च्या जुलै महिन्यात. २१ तारखेच्या रात्री कोसळलेल्या पावसाने यवतमाळ जिल्ह्यात हाहाकार उडवला, दिग्रसच्या दक्षिणेकडील महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, आणि तेथे ४५ माणसे अडकल्याची वर्दी मिळताच राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जोडीला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची तजवीज करण्यात आली. नागपूरहून त्या कामगिरीवर नेमलेली ती हेलिकॉप्टरे मि-१७ व्ही-५ जातीची होती. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका बंजारा तांड्यासाठी जे यंत्र धाडले जाते, तेच त्याच सुमारास आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांचा पांढरा रंग लावून धान्य आणि औषधे वाहत असते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या घराण्याचा मूळ पुरुष मिखाईल मिल, सैबेरियातील इर्कुत्स्क येथे १९०९ साली जन्मलेला. त्याच्या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या मि-८ चा पहिला नमुना १९६१ साली एकाच इंजिनावर उडाला, पुढील वर्षी दुसऱ्या नमुन्याला दोन इंजिने लाभली, आणि १९६५ पासून कझान येथे आणि नंतर बैकाल सरोवरापलीकडील उलान-उदे येथे त्याचे उत्पादन अखंड चालू राहिले. आजवर बारा हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे या दोन कारखान्यांतून बाहेर पडली. दुसऱ्या कोणत्याही दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टराला ही संख्या गाठता आलेली नाही. अधिक शक्तीच्या इंजिनांची सुधारलेली आवृत्ती परदेशी गिऱ्हाइकांना मि-१७ या नावाने विकली गेली. खुद्द रशियात मात्र तिला मि-८ म्हणण्याचाच प्रघात राहिला. जुने यंत्र आणि नवे यंत्र ओळखण्याची खूण सोपी आहे: मि-८ चा शेपटीचा पंखा उजव्या अंगाला असतो, मि-१७ चा डाव्या.

रचनेत नजरेत भरावे असे काही नाही, आणि हेच तिचे मोठेपण होय. इंजिने माणसांच्या डोक्यावर, छपरात बसवलेली, त्यामुळे खालचा सारा गाळा मोकळा. पाठीमागची दोन दारे शिंपल्यासारखी उघडली की लहान गाडी सरळ आत जाते, आणि व्ही-५ जातीत त्या दारांच्या जागी उतरणीची फळी आहे. वर सुमारे २१ मीटर व्यासाचा पाच पात्यांचा पंखा, खाली न मिटणारी तीन पायांची चाके. व्ही-५ चे भरलेले वजन १३ टनांपर्यंत जाते, त्यात ४ टन माल किंवा ३६ सशस्त्र शिपाई मावतात, आणि एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे सुरक्षित जागा गाठण्याची सोय असते. उष्णतेने हवा विरळ होते आणि विरळ हवेत पंख्याची पकड सुटते. म्हणून हिमालयाच्या उंचीवर जी अडचण येते, तिचीच धाकटी बहीण विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी भेटते. दोन्ही ठिकाणी राखून ठेवलेली ताकद कामी येते.

ज्या देशांना विमानतळ बांधणे परवडत नाही, ज्यांच्या घाटांत रस्ते वाहून जातात, त्यांनी हे यंत्र आपलेसे केले यात नवल नाही. १९७३ च्या युद्धात इजिप्तने सिनाईत कमांडो उतरवले ते मि-८ मधून. १९८६ साली चेर्नोबिलच्या उघड्या पडलेल्या अणुभट्टीवर वाळू, शिसे आणि बोरॉन टाकणाऱ्या हेलिकॉप्टरांत तीच होती, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्रेनच्या दोरखंडात पाती अडकून एक तेथेच कोसळले. पेरू, कोलंबिया, मेक्सिको, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, चीन ही नावे सहज आठवतात. सैबेरियाच्या तेलक्षेत्रांत तर कामगारांची रोजची ने-आण यातूनच होते. अफगाण सैन्यासाठी खुद्द अमेरिकेने ही रशियन हेलिकॉप्टरे पैसे मोजून विकत घेतली, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल? आपल्याकडे पवनहंस या सरकारी कंपनीने मि-१७२ ही मुलकी आवृत्ती ईशान्येच्या डोंगराळ मुलखात चालवली.

भारतीय हवाई दलात मि-८ आले १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये येलहंका येथे त्यांना निरोप देण्यात आला. १९८५ पासून मि-१७, आणि फेब्रुवारी २०१२ पासून व्ही-५, ज्यांची संख्या १५१ वर गेली. सियाचीनच्या हिमनदीवर त्यांनी रसद पोहोचवली, २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मुंबईत दहशतवाद्यांच्या ताब्यातील नरिमन हाउसच्या गच्चीवर दोरावरून कमांडो उतरवले, आणि गडचिरोलीच्या अरण्यात मतदान पथके वाहून नेली. परंतु बंडीला रथ करण्याचा मोह महाग पडतो. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या युद्धात तोलोलिंगच्या डोंगरावर रॉकेटांचा मारा करणारे एक मि-१७ उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राने पाडले, त्यातील चौघेही हुतात्मा झाले, आणि तेव्हापासून त्या पर्वतावर मि-१७ हल्ल्यासाठी वापरणे थांबवण्यात आले. उत्तराखंडच्या २०१३ च्या प्रलयात यात्रेकरूंना काढताना गौरीकुंडाजवळ एक व्ही-५ कोसळले, वीस जण गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरातील बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. या नोंदी वाचताना मन जड होते, आणि या यंत्राचे कौतुक करणाऱ्याने त्या वगळू नयेत असे मला मनापासून वाटते.

इतक्या हेलिकॉप्टरांची देखभाल हा एक स्वतंत्र सरंजाम आहे. ठरावीक तास उडाले की प्रत्येक यंत्र उघडून, भाग न् भाग तपासून पुन्हा जोडावे लागते. हवाई दलाचे हे काम चंडीगडच्या दुरुस्ती आगारात चालते.

पुरात मात्र सारी भिस्त वैमानिकाच्या हातावर असते. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रिकामी बंडीसुद्धा आसापर्यंत रुतते, तेथे दहा-बारा टनांचा भार चाकांवर सोडणे शक्यच नसते. म्हणून पंख्याचा जोर तसाच ठेवून चाके चिखलाला नुसती टेकवायची, आणि तेवढ्या अवधीत मुले, म्हातारी माणसे, गाठोडी डाव्या अंगाच्या पुढल्या दारातून आत घ्यावयाची. तेवढीही जागा नसेल तर छपरावर अधांतरी स्थिर राहून विंचच्या दोराने एकेकाला वर ओढतात, आणि खालच्या माणसांना वाऱ्याच्या त्या झोताखाली पाय रोवून आपली पाळी येईपर्यंत उभे राहावे लागते.