दहा मिनिटांचा धडा

शेलूहून लोकलने नेरळ, भिवपुरी रोड करत कर्जतला पोचेपर्यंत एक धडा सहज ऐकून होतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे सॉफ्टवेअर शिकवणारे धडे साधारण 10 मिनिटांचे, मराठीतही आहेत. डाउनलोड करून ठेवले की नेटची गरज नाही. पण नुसतं ऐकून हात बसत नाही. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं, अशीच त्यांची रचना आहे. शिवाय रेकॉर्डिंगआधी संहिता नवख्या माणसाकडून करून पाहिली जाते. कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण आखणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी उचलावीच: तज्ज्ञाला जे उघड वाटतं, तिथेच नवखा अडतो.