उन्हाचा मुहूर्त

नेमावर-खातेगावकडच्या मराठी घरांना उज्जैन काही नवं नाही. महाकालाचं दर्शन, क्षिप्रेचा घाट, कुणा मामेबहिणीचं लग्न, अशी वर्षाकाठी एखादी फेरी होतेच. त्या फेरीत एक ठिकाण मात्र हटकून राहून जातं: जयसिंगपुऱ्यातली जुनी वेधशाळा. मुलांना विज्ञान केंद्र दाखवायचा विषय निघाला, की घरातला एखादा काका मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राचं नाव काढतो. ते १९८५ साली सुरू झालं, उत्तम आहे, जरूर बघावं. पण तिथे बटण दाबलं की प्रयोग होतो. उज्जैनला बटण नाही. तिथला प्रयोग सूर्य करतो आणि तो आपल्या सोयीने करत नाही. म्हणून सहलीचा बेत आखताना आधी सूर्याचं वेळापत्रक बघायचं, मग शाळेचं.

सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. उज्जैनची अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. जयसिंग माळव्याचा सुभेदार असल्यामुळे जागा हाताशी होती, शिवाय जुन्या ज्योतिषग्रंथांनी मध्यरेषा उज्जैनवरूनच धरलेली. गंमत अशी, की याच काळात मराठी फौजा माळव्यात उतरत होत्या. १७२८ साली धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पांची लढाई झाली आणि पुढे उज्जैन शिंद्यांकडे आलं. शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि यंत्रांवर गवत माजलं. ती पुन्हा उभी राहिली १९२३ मध्ये. माधवराव शिंद्यांनी डागडुजीला पैसे दिले आणि पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे, ‘सर्वानंदकरण’ लिहिणारे गणिती. नुसती भिंत सावरून भागणार नव्हतं, वेध घेणारा माणूस हवा होता. तो मिळाला म्हणून ही वेधशाळा पर्यटनस्थळ होण्याआधी कार्यालय झाली. आजही तिचं नाव श्री जिवाजी वेधशाळा आहे आणि १९४२ पासून ग्रहस्थितीचं पंचांग इथून दरवर्षी निघतं.

आवार लहान आहे. सम्राट, नाडीवलय, दिगंश, भित्ती ही जुनी यंत्रं, आणि नंतर बसवलेला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी. सगळी अर्ध्या तासात ‘बघून’ होतात. तसं बघायचं असेल तर न गेलेलं बरं. माझं मत विचाराल तर दोनच यंत्रं धरावीत, सम्राट आणि शंकू, आणि त्यांच्यापाशी दीड तास काढावा.

सम्राट यंत्र म्हणजे आकाशाकडे चढत गेलेला साधारण २२ फूट उंचीचा जिना आणि त्याच्या दोन बाजूंना चुन्याच्या दोन वक्र पाट्या. जिन्याच्या भिंतीची उतरती कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. सकाळी तिची सावली पश्चिमेच्या पाटीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. पाटीवर तास, मिनिटं आणि मिनिटाचा तिसरा भाग अशा खुणा आहेत. मुलांना पाटीजवळ उकिडवं बसवा. सावली मिनिटाला सुमारे सेंटीमीटरभर सरकते, म्हणजे डोळ्यांदेखत. पण ती नेमकी कुठे संपते, ते सांगता येत नाही. कड धुरकट असते, इंचभर तरी. याला कारण सूर्यच. त्याची चकती आकाशात अर्धा अंश रुंद दिसते आणि तेवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. अशा कडेवर एक दोरा आडवा धरतात. दोऱ्याची सावली जिथे पुसट होत विरून जाते, तिथे वाचन घ्यायचं. तेव्हा खिशात दोऱ्याचं रीळ असू द्या.

वाचलेली वेळ मोबाइलशी जुळणार नाही. मुलं लगेच ‘यंत्र बिघडलंय’ म्हणतील, म्हणू द्यावं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, उज्जैन ७५.८च्या आसपास. तिथेच २७ मिनिटांचा फरक पडला. शिवाय पृथ्वीची वाट लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला हा फरक ४१ मिनिटांवर जातो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वर येतो. ही वजाबाकी घरूनच वहीत करून न्यावी.

नाडीवलय येता-जाता बघा. उत्तरेकडच्या तबकडीवर सहा महिने ऊन, दक्षिणेकडच्या तबकडीवर उरलेले सहा. आवाराशेजारी ८५ फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळही आहे, २०२४ मध्ये सुरू झालेलं. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ३० मुहूर्त मोजणारं. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात. काढाव्यात, पण डोकं लागतं ते आत, चुन्याच्या पाटीवर.

आता बेत. पावसाळ्यात जाऊ नये, ढग असले की वेधशाळा म्हणजे नुसत्या भिंती. मे महिन्याच्या उन्हात आजोबांना अंगणात उभं करणं हा छळ आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत चांगला. शाळेला सुट्टी, आकाश निरभ्र, माळव्याची थंडी. महाकालाला मात्र या दिवसांत तोबा गर्दी, म्हणून दर्शन दुसऱ्या दिवशी. कन्नोद-इंदूरमार्गे आदल्या दिवशीच उज्जैन गाठून मुक्काम करावा, पोहे-जलेबी खाऊन अकराला वेधशाळेत हजर.

घरातल्या सगळ्यांनी जाऊ नये, हीही सूचना आहे. आजी नेमावरलाच राहू दे. तिच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा, ओळंब्याने तपासून. तशीच दुसरी काठी सोबत न्या आणि वेधशाळेबाहेर मोकळ्या जागेवर रोवा. ‘आजी, सावली सगळ्यांत आखूड कधी झाली गं?’ असा फोन करायचा. नेमावर पूर्वेला असल्यामुळे तिथली मध्यान्ह सुमारे ५ मिनिटं आधी होते: नेमावरला १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास, उज्जैनला २६च्या. सावलीची लांबी तिकडे १०३ सेंटीमीटर, इकडे १०६च्या जरा आत. फरक अडीच सेंटीमीटरचा. कोनात तो साधारण दोन तृतीयांश अंश होतो. आणि पूर्व-पश्चिम अंतर सोडून नुसतं उत्तर-दक्षिण धरलं, तर उज्जैन नेमावरच्या उत्तरेला ७५ किलोमीटर. ७५ ला ०.६७ ने भागा, ३६० ने गुणा: पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. वाचनात अर्धा सेंटीमीटर चूक झाली तर उत्तर पाचवा हिस्सा हुकतं, म्हणून काठ्यांचा ओळंबा महत्त्वाचा. सावली मोजताना नातवंडं भांडतील, आजी फोनवरून दटावेल.

शंकूपाशी एक गोष्ट हमखास कानावर येते, की २१ जूनला उज्जैनमध्ये सावली नाहीशी होते. थोडी दुरुस्ती हवी. कर्कवृत्त आज उज्जैनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, महिदपूर तालुक्यातल्या डोंगला गावाजवळून जातं. तिथे वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे. उज्जैनच्या डोक्यावर सूर्य येतो १२ जून आणि ३० जूनच्या आसपास. २१ जूनला सावली अगदी इवलीशी, पण दक्षिणेला पडते.

नेमावरच्या अंगणात ती ४-५ जून आणि ८ जुलैच्या सुमारास नाहीशी होते. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून जूनमधली तारीख धरा: दुपारी १२ वाजून २० मिनिटं, काठी तीच.