लिस्टला आठवत नाही, मेथडला आठवतं

जावात दोन अ‍ॅरेलिस्ट तयार करा. एक स्ट्रिंगची, दुसरी इंटिजरची. प्रोग्रॅम चालू असताना दोघींना त्यांचा क्लास विचारा. उत्तर एकच येतं: अ‍ॅरेलिस्ट. कशाची अ‍ॅरेलिस्ट, ते दोघींनाही सांगता येत नाही. कोनी कंसात तुम्ही निगुतीने लिहिलेला प्रकार कंपायलरने वाचला, त्यावरून चुका शोधल्या आणि मग तो पुसून टाकला.

हे मुद्दाम केलेलं आहे. २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स आले, तेव्हा जॉशुआ ब्लॉक यांनी घडवलेली लिस्ट, सेट, मॅप ही मंडळी १९९८ पासून वापरात होती. त्यांच्यावर उभा असलेला जुना कोड मोडायचा नव्हता. म्हणून प्रकार फक्त तपासणीपुरता ठेवला आणि चालत्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या लिस्ट पूर्वीसारख्याच राहिल्या.

आता हाच कोड वेब सर्व्हिस म्हणून बाहेर द्यायचाय. समजा, एका मेथडला गाडीचा क्रमांक दिला की ती थांब्यांची लिस्ट परत करते. क्लासवर एक अ‍ॅनोटेशन लावलं की जॅक्स-डब्ल्यूएस त्याची डब्ल्यूएसडीएल फाइल तयार करतं, म्हणजे पलीकडच्या सी-शार्प किंवा पीएचपीवाल्याला दाखवायचा करारनामा. त्यात ठामपणे लिहिलेलं असतं की इथून स्ट्रिंग येतील, कितीही येतील. करार लिहिला जातो तेव्हा एकही लिस्ट जन्माला आलेली नसते. आणि असती, तरी तिला विचारून काही कळलं नसतं. मग स्ट्रिंग हे कळलं कुठून?

मेथडकडून. कंपायलर वस्तूंमधून प्रकार पुसतो, पण मेथडच्या आणि फील्डच्या घोषणेतला प्रकार क्लास फाइलमध्ये ‘सिग्नेचर’ नावाच्या नोंदीत जसाच्या तसा ठेवतो. रिफ्लेक्शनने ती नोंद वाचता येते. माल कसला आहे हे पेटीला ठाऊक नाही, पण गोदामाच्या वहीत लिहिलेलं आहे. वेब सर्व्हिसचं सगळं यंत्र त्या वहीवर चालतं. घोषणेत नुसतंच लिस्ट लिहून कंस गाळलात, तर वहीतली जागा कोरी राहते आणि करारात ‘काहीही’ असा प्रकार जातो.

ही वही नसेल तर काय होतं, ते उलट दिशेला दिसतं. जेसन मजकूर वाचून प्रवाशांची लिस्ट बनव, असं जॅक्सन लायब्ररीला सांगताना फक्त लिस्टचा क्लास दिला, तर ती निमूट लिस्ट बनवून देते. पुढे कुठेतरी पहिला प्रवासी काढायला जावं, तर लिंक्डहॅशमॅपचा प्रवासी होत नाही म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. यावरचा उपाय मला जावातली सर्वांत देखणी चलाखी वाटतो. टाइपरेफरन्स या क्लासच्या कोनी कंसात हवा तो प्रकार लिहून त्याची वस्तू बनवायची आणि तिच्यामागे रिकामा महिरपी कंस टाकायचा. त्या रिकाम्या कंसामुळे तिथल्या तिथे एक निनावी उपक्लास तयार होतो. आपण कोणाचे वंशज आहोत हे प्रत्येक क्लासला आपल्या फाइलमध्ये कोनी कंसासकट नोंदवावं लागतं. झालं, प्रवाशांची लिस्ट हा पूर्ण प्रकार वहीत चढला! नील गॅफ्टर यांनी ही युक्ती २००६ मध्ये मांडली.

आता परत वेब सर्व्हिसकडे. प्रत्यक्ष पाठवताना एक्सएमएलमध्ये लिस्ट दिसते अशी:

<थांबा>दादर</थांबा>
<थांबा>ठाणे</थांबा>
<थांबा>कल्याण</थांबा>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात. एक्सएमएललाही आणि जावालाही.) लिस्ट अशी वेगळी वस्तू यात कुठेच नाही, एकच टॅग पुन्हा पुन्हा आलाय, इतकंच. आता गंमत बघा. वाटेत एकही थांबा नसलेली गाडी म्हणजे रिकामी लिस्ट. थांबे अजून ठरलेच नसतील, तर नल. दोन्ही वेळा टॅग शून्य. पलीकडे जॅक्सबीने, म्हणजे जावाच्या वस्तू आणि एक्सएमएल यांची अदलाबदल करणाऱ्या लायब्ररीने, बनवलेला क्लास असेल, तर त्याचा गेटर नल दिसताच नवी रिकामी लिस्ट बनवून देतो. म्हणजे ज्या गाडीचं वेळापत्रकच ठरलेलं नाही, ती पलीकडच्या पडद्यावर नॉनस्टॉप धावते. एक्सएमएलएलिमेंटरॅपर लावून थांब्यांभोवती एक बाहेरचा टॅग घातला की भेद टिकतो: टॅग आहे पण आत काही नाही, तर रिकामी, टॅगच नाही, तर नल. एका अ‍ॅनोटेशनचं काम, पण ते सुचायला आधी घोटाळा दिसावा लागतो.

सेटचं फारसं काही बोलायला नको. तो लिस्टसारखाच जातो आणि पलीकडे लिस्ट म्हणूनच उतरतो.

मॅप मात्र अडून बसतो. मेथडमधून थेट मॅप परत केला, तर जॅक्सबी साफ सांगतं की हा इंटरफेस आहे, मला झेपणार नाही. लिस्टही इंटरफेसच, पण तिची सोय वेगळी केलेली आहे. अनेक जण मग मॅपच्या जागी हॅशमॅप लिहितात. एरर जाते, सर्व्हिस सुरू होते आणि उत्तरात एक रिकामा टॅग येतो. कारण जॅक्सबीने हॅशमॅपला साधा बीन समजून त्यात गेटर-सेटरच्या जोड्या शोधल्या आणि एकही सापडली नाही. या मुकेपणापेक्षा ती एरर बरी होती. तोच मॅप तुमच्या एखाद्या क्लासचं फील्ड करा आणि तो क्लास परत करा. मग प्रत्येक नोंदीसाठी की आणि व्हॅल्यूची जोडी व्यवस्थित बाहेर पडते.

एक्सएमएल स्कीमाकडे मॅप ही कल्पनाच नाही, हे यामागचं खरं कारण. अपाची अ‍ॅक्सिस या वेब सर्व्हिस लायब्ररीच्या पहिल्या पिढीत मॅपसाठी अपाचीचा स्वतःचा प्रकार होता, पण तो समजणारं पलीकडे कोणी असेलच असं नव्हतं. अ‍ॅरेंचाही असाच गोंधळ होता. २००४ च्या डब्ल्यूएस-आय बेसिक प्रोफाइल या नियमावलीने सोप या वेब सर्व्हिसच्या संदेश-पद्धतीतल्या खास अ‍ॅरेला बंदी घातली आणि टॅग पुन्हा पुन्हा लिहिण्याची साधी रीतच पक्की केली.

जेसनकडे ऑब्जेक्ट आहे, म्हणून मॅप तिथे सुखाने नांदेल असं वाटतं. पण जेसनमध्ये की स्ट्रिंगच असावी लागते. डबा क्रमांक ७ ही इंटिजर की अवतरणात जाऊन बसते. वाचणाऱ्याने टाइपरेफरन्समध्ये इंटिजर सांगितलं असेल तर पुन्हा आकडा होते. की म्हणून तुम्ही स्वतःचा तिकीट क्लास वापरलात आणि त्याला टूस्ट्रिंग लिहायला विसरलात, तर जॅक्सन तिकिटाच्या जागी क्लासचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि हॅशकोडची काही अक्षरं पाठवून देतं. पलीकडच्याला त्यातून तिकीट परत घडवता येत नाही.