देवमासा, ड्रोन आणि आपला बिबट्या

ड्रोन म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक म्हणजे लग्नाच्या वरातीवर घिरट्या घालणारा कॅमेरा आणि दुसरी म्हणजे भीती. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणे या जिल्ह्यांतील अनेक गावांत रात्रीचे ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी आवई उठली आणि माणसे काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. यंत्र कसे चालते हे ठाऊक नसले की यंत्राचेही भूत होते. म्हणून याच यंत्राचा एक निराळा उपयोग, समुद्रातील देवमाशांचा अभ्यास, वाचकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी विषय लांबचा नाही, हे पुढे ध्यानात येईल.

देवमाशाला आपण मासा म्हणतो, पण तो मासा नव्हे. गाई-म्हशींप्रमाणे तो सस्तन प्राणी आहे. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. मादी पिल्लाला दूध पाजते. श्वास घेण्यासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी. त्याची लांबी ३० मीटरपर्यंत जाते, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या अडीच-तीन एस.टी. गाड्या! ज्याच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तो स्पर्म व्हेल एका बुडीत तासभर पाण्याखाली राहू शकतो. एवढे प्रचंड जनावर, पण आयुष्याचा बहुतेक काळ माणसाच्या नजरेआड. मग ते कोठे जाते, काय खाते, पिल्ले कोठे वाढवते, हे कळावे कसे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज शास्त्रज्ञांनी यासाठी एक रीत काढली. क्रमांक कोरलेली धातूची नळी बंदुकीने देवमाशाच्या अंगात मारायची. पुढे शिकारी जहाजावर तो कापला गेला की नळी सापडे. ती कोठे मारली आणि कोठे सापडली, यावरून त्याचा प्रवास समजे. म्हणजे देवमाशाची हकीकत वाचायची, तर आधी त्याचे मरण व्हावे लागे! पुढे शिकारीमुळे देवमासे संपत चालले, तेव्हा जगाला जाग आली. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये ठराव करून १९८६ पासून व्यापारी शिकार थांबवली. काही देशांनी तो ठराव जुमानला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर उपग्रहाशी बोलणारे 'टॅग' आले. टॅग म्हणजे अंगावर बसवायचे छोटे नोंदयंत्र. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जाऊ शकत नाहीत, म्हणून देवमासा श्वासासाठी वर आला, की तेवढ्या क्षणांत टॅग उपग्रहाला संकेत देतो. पासबुकात एकेक नोंद पडत जावी, तसा नकाशावर एकेक ठिपका पडतो. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे लुबान ही हंपबॅक जातीची मादी. लुबान म्हणजे अरबीत ऊद, आपला लोबान. ओमानच्या किनाऱ्याजवळ २०१७ साली नोव्हेंबरात तिला टॅग बसवला आणि ती अरबी समुद्र पार करून गोव्याच्या बाजूला आली, तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. ओमानकडील हे देवमासे शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. ते आपल्याही किनाऱ्याचा आसरा घेतात, हे एका टॅगने दाखवून दिले.

पण टॅग बसवायचा कसा? त्यासाठी होडी देवमाशाच्या अगदी जवळ न्यावी लागे. त्याने शेपटी हाणली तर माणसांचा जीव धोक्यात, आणि इंजिनाच्या आवाजाने तो बिथरून बुडी मारणार. येथे ड्रोन कामी आला. त्याच्या पंख्यांचा आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. ड्रोन मुख्यतः तीन कामे करतो. पहिले, मोजमाप. ड्रोनची उंची ठाऊक असली की छायाचित्रावरून देवमाशाची लांबी-रुंदी काढता येते. तो खंगला आहे की मादी गाभण आहे, हेही कळते. दुसरे, तपासणी. देवमाशाने उच्छ्वास सोडला की तुषारांचा फवारा उडतो. त्यातून ड्रोन नेऊन बशीवर थेंब धरतात. त्यावरून वंश, संप्रेरके आणि जंतू यांचा तपास लागतो. अमेरिकेतील ओशन अलायन्स या संस्थेने या ड्रोनला 'स्नॉटबॉट', म्हणजे शेंबूड गोळा करणारा यंत्रमानव, असे गमतीदार नाव दिले. तिसरे काम टॅग बसवण्याचे. टॅगला रबरी वाट्या असतात. ड्रोन वरून हलकेच तो पाठीवर टेकवतो आणि वाट्या त्वचेला चिकटतात. खोली आणि पाण्यातील आवाज नोंदवून काही तासांनी टॅग आपोआप सुटतो व तरंगू लागतो. मग तो शोधून आणतात. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका बेटाजवळ स्पर्म व्हेलवर असे प्रयोग झाले आहेत. ना बंदूक, ना जखम.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढल्यावर संशोधक विद्या अत्रेय आणि वन विभाग यांनी त्याच्या गळ्यात जी.पी.एस. पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. पट्टा मोबाइलच्या जाळ्यातून ठावठिकाणा कळवत होता. हा वयस्क बिबट्या, ज्याचे नाव पुढे 'आजोबा' पडले, महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. एवढ्या वस्तीतून जाताना त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला.

आजोबाने काय शिकवले? बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. तो तेथे राहत नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यावर हल्ले कमी न होता वाढले, असे अत्रेय यांच्या अभ्यासात दिसले. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातील कुत्र्यांचा आढळला. म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा आणि मोकाट कुत्री हेही बिबट्याला आमंत्रणच होय.

हा प्रश्न सर्वांना सारखा भेडसावत नाही. बंगल्यात दार लावून झोपणाऱ्याला बिबट्या ही बातमी असते. उसाच्या कडेला कोपीत लेकरे घेऊन झोपणाऱ्या तोडणी मजुराला, रात्रीच्या विजेवर पाणी धरणाऱ्या गड्याला तो मृत्यू असतो. हे मजूर बहुसंख्येने कोणत्या समाजांतील असतात, हे सांगायला नको. पुणे-नगर पट्ट्यात वन विभागाने अलीकडे बिबट्याच्या शोधासाठी उष्णता टिपणारे ड्रोन वापरले आहेत. गार रात्रीत जनावराचे गरम अंग पडद्यावर उजळ दिसते. दाट पाचटाखाली मात्र ते दिसेलच असे नाही. म्हणून तोडणीपूर्वी फडाची अशी पाहणी, कोपीला भक्कम आडोसा व दिवा, शौचालय आणि दिवसा वीज, या मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. आणि ड्रोन पाहण्यासाठी असावा, जनावर पिटाळण्यासाठी नव्हे. बिथरलेला बिबट्या जवळच्या माणसावरच उलटतो.

भगवान बुद्धांनी धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले, म्हणजे 'या आणि पाहा' असे ज्याविषयी म्हणता येते तो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, ही त्यांची शिकवण. पंचशीलातील पहिले शील तर प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचेच आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या ५१क या अनुच्छेदातही ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी आहेत: खंड (छ) मध्ये सजीवांविषयी करुणा आणि खंड (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन. बंदुकीच्या नळीपासून रबरी वाटीपर्यंतचा प्रवास हा या दोन कर्तव्यांचा मिलाफ आहे, असे आम्ही मानतो. प्रज्ञेला करुणेची जोड नसेल तर ज्ञान मारून मिळवले जाते. करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर बिबट्याही मरतो आणि कोपीतले लेकरूही. आपल्या तरुणांनी ही यंत्रे शिकावीत, वनविद्या आणि सागरविद्येकडे वळावे, आणि गावात आवई उठेल तेव्हा 'चला, आधी पाहू' असे म्हणणारे पहिले व्हावे, एवढीच अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!