जुन्या ट्रकमध्ये जादा मीटर कुठे बसवावेत?
लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीन, तूर, ऊस ओढणाऱ्या जुन्या ट्रकना ऑईल प्रेशर आणि टेंपरेचरचे जादा मीटर सहसा डॅशबोर्डखाली, गिअरजवळ लावतात. वायर कमी लागते, हे खरं. पण काटा बघायला मान खाली घालावी लागते, आणि ऑईल प्रेशर पडल्यावर बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही. म्हणून जागा वरची हवी: स्टेअरिंगच्या उजवीकडे, दाराच्या खांबावर. खांबामुळे आधीच रस्ता झाकला जातो, हा आक्षेप रास्त. तेव्हा मीटर खांबाच्या रुंदीतच बसवा, काचेवर येऊ देऊ नका. मे महिन्यातल्या उन्हाने मीटरची काच चमकत असेल तर वर छोटी टोपी पुरते. ऑईलची नळी मात्र केबिनमध्ये आणू नका (फुटली तर गरम तेल थेट पायावर). सेन्सरवाला इलेक्ट्रिक मीटरच घ्या. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील, तर तो २४ व्होल्टचा लागेल.